बंदूक, रेल्वे आणि रंगपेटी

अमेरिकेच्या पश्चिमेकडचे डोंगर, मूस आणि एल्क ही मोठाली हरणं, अस्वलं रंगवणाऱ्या चित्रकाराची प्रेरणा कोणती, असं विचारलं की 'निसर्गप्रेम' हे उत्तर ठरलेलं. खोटं नाही, पण अर्धंच.

चित्रकार थॉमस मोरानचंच बघा. पश्चिमेकडचा यलोस्टोन हा डोंगराळ प्रदेश डोळ्यांनी पाहण्याआधीच तो एका मासिकासाठी, दुसऱ्यांच्या कच्च्या रेखाटनांवरून, तिथली चित्रं काढून देत होता. त्यातून ओढ लागली. १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ हेडनच्या सरकारी पाहणी पथकाबरोबर तो निघाला, तो उसन्या पैशांवर. त्यातले काही मासिकाचे, काही जे कूक या सावकाराचे. कूकचा पैसा नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेत अडकलेला, आणि रेल्वेला प्रवासी हवे होते! १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने मोरानचं तिथल्या दरीचं भलंमोठं चित्र १०,००० डॉलरला घेतलं.

मोरानच्या भव्य दऱ्यांत प्राणी नावापुरतेच. त्यांना चित्राच्या मध्यभागी आणणाऱ्यांतला मोठा माणूस म्हणजे कार्ल रुंगियस. जन्म १८६९, बर्लिनजवळचा. शिकारीचं वेड लहानपणापासून. १८९४ मध्ये काकांनी मूसच्या शिकारीसाठी अमेरिकेला बोलावलं; पुढच्या वर्षी तो पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यात गेला आणि तिथलाच झाला म्हणायचा.

त्याची कामाची रीत आज अंगावर येते. मारलेला प्राणी दोरांनी ताणून, जिवंतपणी उभा राहील तशा पवित्र्यात बांधायचा आणि तिथेच, उघड्यावर रंगवायचा. खांद्याचा उंचवटा, केसांवर पडलेलं डोंगरातलं ऊन हे प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यापुढे बसून मिळत नाही, हेही खरं. पुढे कॅनडातल्या बॅन्फला त्याने स्टुडिओ बांधला आणि उन्हाळे तिकडेच काढले.

त्याच्या चित्रांना मागणीही शिकारी मंडळींचीच. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख विल्यम हॉर्नडे त्याचे मोठे पाठीराखे. हेच हॉर्नडे १८८६ मध्ये संग्रहालयासाठी नमुने हवेत म्हणून मोंटानात गेले होते. बायसन, म्हणजे अमेरिकेतले रानगव्यासारखे प्राणी, संपत आल्याचं दिसत असूनही त्यांनी उरलेल्यांतले वीसहून अधिक मारले, आणि नंतर उरलेसुरले वाचवण्यासाठी आयुष्यभर भांडले. नामशेष होण्याआधी नोंद राहावी, ही घाई त्या पिढीच्या वन्यजीव-चित्रांत जागोजागी दिसते. आणि ती घाई आणणाऱ्यांत त्या चित्रकारांचे स्वतःचे शिकारी मित्रही होते.