क्विझ बोल : राष्ट्रीय विजेता ठरवण्याचा प्रश्न

क्विझ बोल ही अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांची सांघिक प्रश्नमंजूषा. चार-चार खेळाडूंचे दोन संघ बझर घेऊन समोरासमोर बसतात. १९५३ साली रेडिओवर सुरू झालेला ‘कॉलेज बोल’ हा तिचा पूर्वज. हायस्कूल पातळीवर या खेळाला एकच शिखर संघटना नाही, त्यामुळे एकाच वर्षी एकाहून अधिक शाळांकडे राष्ट्रीय विजेतेपद असू शकते.

‘नॅशनल ॲकॅडेमिक चॅम्पियनशिप’ १९८३ पासूनची. ‘पेस’ आणि ‘एनएक्यूटी’ या संस्थांच्या स्पर्धा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि मुरलेले खेळाडू आज याच दोन स्पर्धांना खरा मान देतात. कारण प्रश्नांच्या घडणीत आहे. चांगला प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे उतरतो. उत्तर ‘मेरी क्युरी’ असेल, तर सुरुवात १९११ च्या सॉल्व्हे परिषदेतल्या एकमेव स्त्रीपासून होते. मग महायुद्धातल्या क्ष-किरणांच्या फिरत्या गाड्या येतात आणि रेडियमचा उल्लेख अगदी शेवटी. पहिल्या वाक्यावर बझर दाबणाऱ्याने विषय वाचलेला असतो. रेडियमपर्यंत दोघेही थांबले, तर निकाल बोटांच्या चपळाईवर जातो. आखूड, एकओळी प्रश्नांवर विजेता ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

खरा तिढा स्पर्धेच्या आराखड्याचा. एनएक्यूटीच्या स्पर्धेत अलीकडे तीनशेहून अधिक संघ उतरले आहेत; इतक्यांना एकमेकांशी खेळवणे अशक्य. तिथे प्रत्येक संघाला क्रमांकाचे कार्ड मिळते. सामना जिंकणारा दोन कार्डांपैकी लहान क्रमांकाचे उचलतो आणि पुढची खोली व प्रतिस्पर्धी त्या कार्डावरून ठरतात. अशा रीतीने सारख्याच जय-पराजयाचे संघ एकमेकांसमोर येत राहतात. दहापैकी सहा सामने जिंकणारे बाद फेरीत जातात आणि तिथे दोन पराभवांनंतरच संघ बाहेर पडतो. तरीही सामना घड्याळावर चालतो. प्रश्न वाचणारा संथ असेल तर प्रश्न कमी होतात, आणि प्रश्न जितके कमी तितका नशिबाचा वाटा मोठा. शिवाय चुकीच्या घाईला पाच गुणांचा दंड आहे.

पेसची पद्धत वेगळी. वीस टॉस-अप, म्हणजे दोन्ही संघांना खुले असलेले बझरचे प्रश्न, वेळेचे बंधन नाही, चुकीला दंड नाही. लवकर उत्तर दिल्यास दहाऐवजी वीस गुण. गटांत साखळी सामने होतात, मग निकालांनुसार गट नव्याने पाडून पुन्हा साखळी. अखेरीस आघाडीवरचा संघ एका सामन्याने पुढे असेल, तर दुसऱ्याला त्याला सलग दोनदा हरवावे लागते. सर्वोत्तम संघ निवडायला हीच पद्धत अधिक विश्वासार्ह आहे, कारण दिवसभराची कमाई एका वाईट सामन्यात वाहून जात नाही. मात्र इथे संघ कमी असतात, आणि जो आलाच नाही त्याला हरवल्याचा दावा कोणी करू शकत नाही. दूरच्या राज्यातून येणाऱ्या सरकारी शाळेला प्रवास, हॉटेल आणि प्रवेशशुल्काचा खर्च दोनदा झेपेलच असे नाही.

एकाच शाळेने एका मोसमात दोन्ही किताब जिंकले की वाद उरत नाही. किताब विभागले गेले, तर जाणकार संघांच्या आपसांतल्या लढती आणि प्रत्येक बोनसमागे, म्हणजे टॉस-अप जिंकणाऱ्या संघालाच मिळणाऱ्या जादा प्रश्नांमागे, मिळवलेल्या सरासरी गुणांकडे पाहतात. बोनसवर प्रतिस्पर्ध्याचा बझर नसतो, त्यामुळे त्या आकड्यात संघाचे स्वतःचे ज्ञान दिसते.