आवडते नाणे आमच्याकडे देण्यापूर्वी कृपया ते चमकवू नका

आपल्या संग्रहातील निवडक नाणी इतर संग्राहकांना दाखवता यावीत म्हणून आम्ही त्यांची छायाचित्रे काढतो, वजन-व्यासाच्या नोंदीसह माहितीकार्ड तयार करतो आणि मांडणीसाठी तबके बनवतो. नाणे कसे धरावे, कोणत्या पाकिटात ठेवावे हे आमच्या बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते. तरीही एक गोष्ट वारंवार घडते, आणि हे पत्रक मुख्यतः तिच्यासाठीच आहे. चारचौघांत दाखवायचे म्हणून ग्राहक नेमके सर्वांत आवडते नाणे आदल्या रात्री घासूनपुसून लख्ख करतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हाती देतात.

चकचकीत नाण्याचे छायाचित्र चांगले येईल, ही समजूत स्वाभाविक आहे, परंतु अनुभव उलट आहे. जुन्या चांदीच्या नाण्यावर चढलेला काळसर थर म्हणजे हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तयार झालेले सिल्व्हर सल्फाइड होय. तो अक्षरांच्या कडांशी आणि चित्राच्या खोलगट भागांत अधिक साचतो, उंचवट्यांवरून हाताळणीमुळे झिजून जातो, आणि या उजेड-सावलीमुळेच मजकूर स्पष्ट वाचता येतो. थर पातळ असेल तर त्यातून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे पिवळसर, जांभळट, निळ्या छटा दिसतात, ज्यांसाठी कित्येक संग्राहक मुद्दाम अशी नाणी शोधतात. थर काढून टाकला की उंचवटा आणि खोलगटपणा सारखेच चमकू लागतात, दिव्याचा उजेड सगळीकडून एकसारखा परततो आणि कडेचा लेख पार्श्वभूमीत विरघळून जातो. मग एका प्रकाशयोजनेत होणाऱ्या कामासाठी आम्हाला दिवे चार-पाच वेळा हलवावे लागतात, आणि तरीही मनासारखे चित्र येईलच असे नाही.

याहून गंभीर नुकसान कायमचे असते. नाणे पाडताना ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरके फिरवले असता प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळेच. टाकसाळीची खरी झळाळी तीच. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट किंवा भांडी घासण्याची पूड यांतील कण या रेषा खरवडून त्यांच्या जागी एकाच दिशेचे बारीक ओरखडे सोडतात. थायोयुरियायुक्त आम्लधर्मी द्रावणात नाणे बुडवले तर ओरखडे पडत नाहीत हे खरे. पण जो काळा थर विरघळतो त्यातील चांदी नाण्याचीच असते, त्यामुळे दोन-चार वेळा बुडवलेले नाणे पांढरे परंतु निर्जीव दिसू लागते. लिंबाच्या रसाने तांब्याचे नाणे गुलाबी होते, आणि तो रंग जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. मानांकन करणाऱ्या संस्थाही अशा नाण्याला १ ते ७० या श्रेणीतील नेहमीचा अंक देण्याऐवजी ‘साफ केलेले’ असा शेरा देतात.

ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिचे चित्र असलेल्या थेलर नाण्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. या चांदीच्या नाण्यावर १७८० हे वर्ष असते, परंतु त्याच वर्षाची नाणी पुढे कित्येक दशके निरनिराळ्या टाकसाळींत पाडली गेली. आपल्याजवळचे नाणे कुठले, हे राणीच्या वस्त्रावरील पदकाचे मोती, गरुडाच्या शेपटीची पिसे अशा बारकाव्यांवरून ठरवावे लागते. ज्या तपशिलावर संग्राहक तासभर रंगून बोलू शकतो, तोच पॉलिशच्या कापडाखाली बोथट होतो. नाण्यावरचा काळेपणा हा मळ नसून त्याच्या वयाचा भाग आहे, असे आम्ही मानतो. जमिनीत सापडलेल्या प्राचीन नाण्यांची गोष्ट वेगळी. माती व कठीण थर काढल्याशिवाय ती ओळखताच येत नाहीत, मात्र ते काम सवयीच्या हातांनीच व्हावे.

मग काहीच करू नये का? सुटी धूळ रबरी फुगा दाबून येणाऱ्या हवेने उडवावी. मऊ पीव्हीसी पाकिटांमुळे चढलेला चिकट हिरवट लेप शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळतो आणि ॲसिटोनचा धातूवर परिणाम होत नाही. ते ज्वालाग्राही असल्याने खिडकी उघडी ठेवून, आगीपासून दूर वापरावे आणि नाणे पुसू नये, आपोआप वाळू द्यावे. तांब्याच्या किंवा कांशाच्या नाण्यावर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसत असतील तर ते क्लोराइडमुळे सुरू झालेले क्षरण असू शकते. ते ओलाव्यात वाढत जाते, म्हणून असे नाणे कोरड्या, स्वतंत्र पाकिटात आणावे आणि देताना तसे सांगावे.

आम्ही स्वतः नाणी साफ करून देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. या कामाच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एका आरशासारख्या प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या) नाण्यावरची धूळ कोरड्या कापडाने पुसली होती. उमटलेले केसासारखे ओरखडे नाण्याच्या मालकाला दाखवताना जे वाटले ते अजून विसरलेलो नाही, आणि त्याची भरपाईही करावी लागली. तेव्हापासून नाणे हाती घेताच ग्राहकासमोर दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून त्याची अवस्था पावतीवर लिहिण्याची पद्धत ठेवली आहे. छायाचित्रातील ओरखडे संगणकावर पुसून देण्याची विनंतीही आम्ही स्वीकारत नाही, कारण त्यावरून उद्या कोणी नाणे विकत घेऊ शकतो. पॉलिश केलेल्या नाण्यांना वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांचे शुल्क वेगळे असते. ते आधीच सांगितले जाते.

मेळाव्यात नाणे हातोहात फिरणार असेल तर ते ॲक्रिलिकच्या बंद डबीत द्यावे. उघड्या नाण्यावर वाकून बोलल्याने उडालेल्या थुंकीचे थेंबही पुढे काळे डाग होतात. नाण्याच्या व्यासानुसार योग्य मापाच्या डब्या, पीव्हीसीविरहित पॉलिस्टर पाकिटे आणि दोन्ही बाजू दिसतील अशी तबके आमच्याकडे असतात. व्यास मिलिमीटरमध्ये कळवल्यास ती नाण्यासोबतच तयार ठेवता येतात. नाणे मात्र सध्या ज्या पाकिटात आहे त्यातच आणावे. पाकीट जुने झालेले असले, त्याच्या पिना गंजलेल्या असल्या, तरी पिना ओढून काढू नयेत. नाण्यावर ओरखडा न पडता त्या कशा सोडवायच्या ते आम्ही आपल्यासमोरच करून दाखवू.