रक्तस्तंभन आणि शस्त्रक्रियेतील रक्तस्राव

फाटलेल्या रक्तवाहिनीतून वाहणारे रक्त थांबवण्याची शरीराची क्रिया म्हणजे रक्तस्तंभन. आधी वाहिनी आकसते. उघड्या पडलेल्या कोलॅजेनला (वाहिनीच्या भिंतीतल्या तंतुमय प्रथिनाला) व्हॉन विलेब्रँड घटक या रक्तातल्या प्रथिनाच्या आधाराने प्लेटलेट (रक्तातल्या बारीक चकत्या) चिकटतात आणि काही मिनिटांत कच्चे बूच बसते. मागोमाग रक्तातले गोठण घटक एकामागून एक जागे होतात. शेवटी थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे बनवते आणि तेरावा गोठण घटक ते एकमेकांत गुंतवून गुठळी पक्की करतो. या साखळीला कॅल्शियम लागते.

ही व्यवस्था लहान वाहिन्यांना पुरते. मोठी धमनी सुटली, तर रक्ताचा दाब गुठळीला बसूच देत नाही. अशा वेळी पहिले हत्यार म्हणजे बोट. रक्ताच्या डबक्यात अंदाजाने चिमटा लावणे ही हमखास महागात पडणारी चूक: शेजारची नस किंवा मूत्रवाहिनी त्यात सापडते. आधी दाबून धरावे, भूलतज्ज्ञाला सांगावे, सक्शनने जागा कोरडी करावी आणि वाहिनीचे तोंड दिसल्यावरच आर्टरी फोर्सेप्स (वाहिनी पकडण्याचा चिमटा) लावून दोऱ्याने बांधावे. बारीक फांद्यांना डायथर्मी, म्हणजे विजेच्या उष्णतेने वाहिनी बंद करणे, पुरते. अमेरिकी मेंदू-शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी 1926 मध्ये विल्यम बोव्ही यांचे असे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले होते. हाडाच्या कापलेल्या कडेवर मात्र बोन वॅक्स (हाडासाठीचे मेण) दाबून बसवतात.

किती रक्त गेले, याचा नजरेने केलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. म्हणून भिजलेले गॉज तोलून कोरड्याचे वजन वजा करतात (1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मि.लि.) आणि सक्शनच्या बाटलीतून धुण्याचे सलाईन वजा करतात. प्रौढात किलोमागे सुमारे 70 मि.लि. रक्त असते, 60 किलोच्या माणसात ते जेमतेम 4.2 लिटर भरते. हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही, कारण पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) सोबतच गेलेले असतात.

एकच वाहिनी नव्हे, सगळे क्षेत्रच झिरपू लागले, तर दोष रक्तात शोधावा. शरीराचे तापमान 35 अंश सेल्सिअसखाली गेले, रक्तातले आम्ल वाढले किंवा सलाईनने गोठण घटक पातळ झाले, की गुठळी धरत नाही. दिलेल्या रक्तातले सायट्रेट (साठवलेले रक्त गोठू नये म्हणून घातलेले रसायन) कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून कॅल्शियमही शिरेतून भरून द्यावे लागते. गुठळी विरघळू नये म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतात. अपघाती जखमेत 1 ग्रॅम 10 मिनिटांत व पुढचा 1 ग्रॅम 8 तासांत, पण पहिला डोस 3 तासांच्या आत. पोटात असे झिरपत असेल, तर टाके घालत बसू नये. पॅड ठासून, पोट तात्पुरते झाकून रुग्णाला अतिदक्षता विभागात ऊब द्यावी आणि रक्त सावरल्यावर, साधारण 24 ते 72 तासांत, पॅड मोजून काढावेत.