आंबवण-चाचणीच्या नमुन्यात फॉर्मेलिन घालू नये

बगॅस (उसाचे चिपाड) आम्लात शिजवून काढलेले साखरेचे द्रावण आमच्याकडे चाचणीला पाठवणारे ग्राहक वारंवार विचारतात, की द्रावणात साखर भरपूर असताना अहवालात इथेनॉल शून्य कसे. बहुतेक वेळा उत्तर नमुन्याच्या बाटलीतच असते.

रसाचा नमुना दिवसभर टिकावा म्हणून त्यात फॉर्मेलिन या जंतुनाशकाचे थेंब टाकण्याची साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना जुनी सवय आहे, आणि पोल-ब्रिक्स (रसातली साखर व एकूण विरघळलेले घन पदार्थ) मोजण्यापुरती ती योग्यही आहे. आम्ही मात्र जिवाणूंचे काम मोजतो, आणि फॉर्मेलिन बाहेरचे जंतू व साखरेचे इथेनॉल करणारे आमचे ई. कोलाय जिवाणू यांत भेद करत नाही. द्रावण उकळल्यावर ते निघून जाईल, या भरवशावरही राहू नये.

खरा वेळ वाया जातो तो यानंतर. चोवीस तासांनंतरही चहाच्या रंगाच्या त्या द्रावणात एकही बुडबुडा दिसला नाही, तर आमचा पहिला संशय फरफ्युरालवर जातो, कारण बगॅस आम्लात फार वेळ शिजवल्यास त्यातल्या झायलोज या साखरेपासून फरफ्युराल तयार होते आणि त्यानेही वाढ खुंटते. मग चुना घालून सामू वाढवणे, गाळणे, पुन्हा विरजण लावणे, यात तीन-चार दिवस जातात. अखेर फोन केल्यावर ‘दोनच थेंब घातले होते’ असे कळते. अशा वेळी फेरचाचणीचे शुल्क आम्ही घेतो. ते काहींना खटकते, पण माणसांचे श्रम दोनदा लागलेले असतात.

साधे यीस्ट का वापरत नाही, असेही विचारले जाते. ते झायलोज तसेच सोडते, ई. कोलाय ते मुळातच खातो, आणि झायमोमोनास या जिवाणूची दोन जनुके घातल्यावर त्यापासून इथेनॉल करतो. याच युक्तीला १९९१ मध्ये अमेरिकेचे पन्नास लाखावे पेटंट मिळाले. शंभर ग्रॅम साखरेतून इथेनॉल फार तर ५१ ग्रॅम निघते. त्याहून अधिकाचे आश्वासन देणाऱ्याकडे हिशेब मागावा. जनुकबदल केलेले हे जिवाणू अशा जिवांविषयीच्या भारत सरकारच्या १९८९ च्या नियमांखाली येत असल्याने आम्ही ते बाहेर देत नाही, चाचणी इथेच करतो.

नमुना बाटलीत तीन-चतुर्थांश भरून गोठवावा, बर्फासह थर्माकोलच्या पेटीत पाठवावा आणि चिठ्ठीवर आम्लाचे प्रमाण, तापमान व शिजवण्याचा वेळ लिहावा. निर्जंतुक बाटल्या आमच्याकडे मिळतात. फॉर्मेलिन आधीच पडले असेल, तर तसे लिहून कळवावे; आम्ही साखर मोजून देऊ आणि आंबवण्यासाठी नवा नमुना मागवू.