तेवीस मण्यांचा सर

जून लागला की आमच्या मोरीत हमखास एक बेडूक येऊन बसतो आणि घरात दरवर्षी तोच गलका होतो, 'हात लावू नका, चामखीळ येईल!' चामखीळ विषाणूमुळे येते आणि तो विषाणू माणसाकडून माणसाला लागतो. बेडूक बिचारा फुकट बदनाम. त्याच्या कातडीतून स्रवतं ते भलतंच काहीतरी आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झासलॉफ यांना प्रयोगासाठी आफ्रिकी झेनोपस बेडकांची अंडी लागत. पोट उघडायचं, अंडाशय काढायचा, टाके घालून बेडूक परत टाकीत. टाकीतलं पाणी जंतूंनी भरलेलं, तरी जखमा चिघळत नसत. याचा छडा लावताना त्यांना कातडीत दोन पेप्टाइडं सापडली. १९८७ साली ती जाहीर झाली. नाव ठेवलं मॅगेनिन. हिब्रूत 'मागेन' म्हणजे ढाल.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेला सर. मॅगेनिनमध्ये मणी अवघे २३. पाण्यात तो सैल असतो, पण जिवाणूच्या पटलाला, म्हणजे त्याच्या पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, टेकला की पीळ घेतो. एका वेढ्यात ३.६ मणी, म्हणजे प्रत्येक मणी आधीच्यापेक्षा १०० अंशांनी वळलेला. आता गंमत बघा. मॅगेनिन-२ मध्ये लायसिन हा धनभारित मणी ४, १०, ११ आणि १४ या जागांवर येतो. ओळीत बघितलं तर काही संगती लागत नाही. पण प्रत्येक जागेला १०० ने गुणा आणि ३६० चे पूर्ण फेरे वजा करा: ४०, २८०, २० आणि ३२० अंश. २८० पासून शून्य ओलांडून ४० पर्यंत, चौघेही वर्तुळाच्या एकाच तृतीयांश भागात! समोरच्या अंगाला फिनाइलॲलॅनिन, आयसोल्युसिन असे पाण्याला नाक मुरडणारे तेलकट मणी. पहिल्यांदा हे वर्तुळ कागदावर काढलं, तेव्हा माझा चहा गार झाला होता.

या दोन अंगांतच सगळी करामत आहे. जिवाणूच्या पटलाचा पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून लायसिनची बाजू तिकडे ओढली जाते. मग तेलकट बाजू पटलातल्या मेदात शिरते. अशा पेप्टाइडांची दाटी झाली की पटल आतल्या बाजूला वळतं, भोक पडतं, आतले आयन, म्हणजे भारित कण, बाहेर सांडतात आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास भाररहित, शिवाय पटलात कोलेस्टेरॉल, त्यामुळे त्या बऱ्याच अंशी वाचतात.

म्हणून लगेच 'बेडकाचं चमत्कारी औषध' असे मेसेज पुढे ढकलू नका. मॅगेनिनवरून बेतलेलं पेक्सिगॅनन हे मलम मधुमेहींच्या पायांच्या जखमांसाठी आणलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते नाकारलं. आधीच्या प्रतिजैविकापेक्षा ते सरस ठरलं नव्हतं.

२०१७ मध्ये केरळातल्या एका बेडकाच्या स्रावातली ३२ पेप्टाइडं फ्लूच्या विषाणूवर तपासली गेली. चार उपयोगी पडली, पण त्यातली तीन माणसाच्या तांबड्या पेशींनाही मारक निघाली. उरलेल्या चौथ्या पेप्टाइडला उरुमी या लवचीक तलवारीवरून 'उरुमिन' म्हणतात. ते फ्लूच्या एच१ प्रकारच्या विषाणूंवर चालतं. तो बेडूक हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा. या जातीला हे नाव पुण्याच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दिलं, आणि ती आपल्या सह्याद्रीतही आहे.