लग्नाच्या फोटोग्राफीसाठी आणि कमी उजेडासाठी लेन्सची निवड

लग्नाच्या फोटोग्राफीत लेन्स निवडताना दोनच गोष्टींचा हिशोब आधी करायचा, कार्यालयात उजेड किती आहे आणि आपल्याला उभं राहायला जागा कुठे मिळणार आहे. कंपनी कुठली, काच किती महाग, पुढे कॅननच्या महागड्या लेन्सवर असते तशी लाल पट्टी आहे का नाही, हे सगळं त्याच्या नंतर. फ्लॅश न मारता किंवा कमीत कमी मारून फोटो काढायचा तर लेन्सचं तोंड मोठं उघडायला लागतं, आणि असं तोंड उघडणाऱ्या लेन्सला फोटोग्राफर मंडळी फास्ट लेन्स म्हणतात, कारण उजेड जास्त आत आला की शटर जास्त वेगात मारता येतं. साधारण एफ २.८ पर्यंत उघडणारी झूम आणि एफ २ किंवा त्याहून लहान आकड्याची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, असली की ती फास्ट धरतात.

हा एफचा आकडा उलटा चालतो, नवीन माणूस इथेच गोंधळतो. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवर मिमीत लिहिलेल्या आकड्याला, तोंडाच्या व्यासाने भागलं की तो आकडा येतो, म्हणजे ५० मिमीची लेन्स एफ २ ला असेल तर तिचं तोंड २५ मिमी उघडलंय. आकडा लहान तेवढा उजेड जास्त. १.४, २, २.८, ४, ५.६ अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. कॅमेऱ्यासोबतच येते ती १८-५५ ची किट लेन्स ५५ ला झूम केली की एफ ५.६ वर येऊन बसते, आणि बाजारातली सगळ्यात स्वस्त ५० मिमी एफ १.८ तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड घेते. दहापट! म्हणून लग्नाची कामं करायची म्हणणाऱ्या नवीन पोराला पहिला सल्ला नवीन बॉडीचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा) नसतो, ५० एफ १.८ घे असाच असतो, आणि तो सल्ला बरोबरच आहे. दीडशे-एक ग्रॅमची प्लास्टिकची डबी असते, पण काम करते.

एखाद्या साध्या हॉलमध्ये ट्यूबलाइटवर एफ २.८ आणि शटर १/१२५ सेकंद ठेवलं तर आयएसओ ३२०० लागतो असं धरू. (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याने उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, तो चढवला की फोटोत दाणे येतात.) तोच फोटो किट लेन्सने एफ ५.६ वर काढायचा तर आयएसओ १२८०० करावा लागेल आणि नवरीचा शालू वाळूत लोळवल्यासारखा दिसेल. एफ १.४ ची प्राइम असेल तर ८०० वर भागतं. आता कोणी म्हणेल शटर कमी करा की, १/३० ला मारा, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना. आहे, पण ते तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं, नवरीने मान वळवली तर त्याला काही करता येत नाही. लग्नात कोणी स्थिर नसतं, एकटा गणपतीचा फोटो सोडला तर. चालत्याबोलत्या माणसांना १/१२५ तरी पाहिजे आणि हवेतल्या अक्षता गोठवायच्या असतील तर १/५०० च्या पुढे. माझ्या मते अक्षता थोड्या रेषेसारख्या ओढलेल्या दिसल्या तर जास्त छान वाटतात, पण क्लायंटला ते फोटो हललाय असं वाटू शकतं.

मराठी लग्नात लेन्सची खरी परीक्षा अंतरपाटाला होते. शेवटचं मंगलाष्टक संपतं, शुभमंगल सावधान होतं, अंतरपाट बाजूला ओढला जातो, वाजंत्री सुरू, डोक्यावर अक्षता, आणि नवरा नवरी एकमेकांकडे बघतात ते जेमतेम दोन सेकंद, की लगेच हार घालायची गडबड. हे परत करा म्हणता येत नाही. (काही जण म्हणतात. भटजी बघत राहतात.) त्याच दोन सेकंदांत समोर मामा, करवल्या आणि मोबाईल वर धरलेले पंचवीस हात उभे असतात. इथे ८५ मिमी एफ १.४ पूर्ण उघडून दोन मीटरवरून मारली तर फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या बॉडीवर) शार्प पट्टा मिळतो साधारण साडेचार सेंटीमीटरचा, म्हणजे नवरी शार्प आली तर नवरा धुक्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे फोकस डोळ्यावर बसायच्या ऐवजी पुढे लोंबणाऱ्या मुंडावळ्यांच्या मोत्यांवर बसतो, स्क्रीनवर झकास दिसतं आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडलं की कळतं मोती शार्प आहेत. आजकालच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी डोळा ओळखतात त्यामुळे हे कमी झालंय, बंद नाही झालं. त्यामुळे फास्ट लेन्स घेतली म्हणजे ती सतत पूर्ण उघडीच ठेवायची असं नाही. त्याच दोन मीटरवरून ३५ मिमी एफ २.८ ला मारली तर शार्प पट्टा अर्ध्या मीटरच्या वर मिळतो, दोघंही फोकसमध्ये, वरून पडणाऱ्या अक्षता आणि मागचा मामा पण फ्रेममध्ये. १.४ चा उपयोग एकट्या चेहऱ्याला, नवरी तयार होताना खिडकीपाशी बसलेली असते तेव्हा.

कुठली फोकल लेंथ घ्यायची हे जागेवर ठरतं. हळद घरात किंवा गच्चीवर असते, तिथे ३५ किंवा २४ शिवाय गत्यंतर नाही, ८५ लावली तर पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये फक्त नाक येतं. बॉडी क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची, असेल तर आणखी पंचाईत, फोकल लेंथ निकॉन सोनीत दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट झाल्यासारखी होते, त्यामुळे ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते, आणि मग क्रॉपवाल्याने घरातल्या कार्यक्रमाला २४ किंवा फार तर ३५ मिमीचा विचार करावा. हळदीत पुढे एक साधा फिल्टर लावून ठेवा, पिवळे हात सगळीकडे फिरत असतात. २४-७० एफ २.८ ही कामाची झूम, ट्रॅडिशनल फोटो काढणाऱ्याचा दिवस तिच्यावरच जातो, स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग, फॅमिली ग्रुप, पंगत, सगळं. ७०-२०० एफ २.८ लांबून कँडिड (पोज न देता सहज टिपलेले) फोटो काढायला, म्हणजे पाठवणीला आई रडत असते तेव्हा तिच्या तोंडाशी कॅमेरा न नेता. पण जुन्या डीएसएलआरवाल्या (आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) ७०-२०० दीड किलोच्या आसपास असतात, आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत गळ्यात घालून फिरलेल्या माणसाला विचारा. वर्षातून सहा-सात लग्नं करणाऱ्याने ती विकत घेऊच नये, भाड्याने आणावी, आणि पैसे ३५ आणि ८५ च्या प्राइममध्ये घालावे. ८५ पण एफ १.८ वाली, १.४ आणि १.८ मध्ये उजेडाचा फरक एका स्टॉपपेक्षा, म्हणजे एका पायरीपेक्षा, कमी आहे, किमतीचा मात्र बराच.

फ्लॅश असताना फास्ट लेन्स कशाला असंही विचारतात. कार्यालयाचं छत पांढरं आणि खाली असेल तर फ्लॅश वर मारून बाउन्स छान होतो, म्हणजे उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो, पण हल्ली बरीच लग्नं लॉन्सवर, वर आकाश, बाउन्स करणार कशावर. त्यात गोरज मुहूर्त असला तर मंगलाष्टकांच्या आधी जो उजेड असतो तो अक्षता पडेपर्यंत निम्माही राहत नाही. चर्चमधल्या लग्नात आत सतत फ्लॅश मारलेला बऱ्याच ठिकाणी आवडत नाही, गोव्यात काम करायचं तर हे आधीच विचारून घ्यावं. लेन्सने न सुटणाऱ्या भानगडी पण आहेत. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात दुपारी सगळ्यांची कातडी लाल-पिवळी येते, एफ १.२ आणलीत तरी येणार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे जास्त शटरला फोटोत काळे पट्टे येतात आणि १/१०० किंवा १/५० ला ते बऱ्याचदा जातात. स्टेजमागची एलईडी वॉल मात्र स्वतःच्याच चालीने लुकलुकते, तिथे शटर एकेक पाऊल बदलून बघत बसायचं. २०१४ च्या कॅनन ७डी मार्क २ मध्ये अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक ओळखून योग्य क्षणी शटर मारणारी सोय) आलं आणि नंतर ते बऱ्याच बॉडीत आलं, ते चालू करून ठेवावं.

कमी उजेडाची ही मारामारी फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने एफ ३.६ च्या आसपासची पोर्ट्रेट लेन्स बनवली आणि मिनिटं लागणारा एक्स्पोजर मिनिटाच्या आत आला. १९२४ ला जर्मनीत एर्मानॉक्स कॅमेऱ्यावर एफ २ ची एर्नोस्टार लेन्स आली आणि फोटोपत्रकार एरिख सालोमनने तिच्या जोरावर चालू कोर्टात लपवून फोटो काढले. १९६१ मध्ये कॅननने ५० मिमी एफ ०.९५ विकायला काढली. झूममध्ये मात्र एफ २.८ च्या पलीकडे खूप वर्षं फारसं कोणी गेलं नाही, सिग्माने २०१३ ला क्रॉप बॉडीसाठी १८-३५ एफ १.८ काढली आणि २०२४ ला फुल फ्रेमसाठी २८-४५ एफ १.८ आली. आपल्याकडे मधल्या काळात या सगळ्यावर उपाय एकच होता, व्हिडिओवाल्याच्या मागे हॅलोजन धरून उभा असलेला पोरगा. ऐंशी-नव्वदच्या लग्नांच्या कॅसेट बघा, सगळे डोळे बारीक करून हसतायत आणि नवरीच्या कपाळावर घाम.

सेकंडहँड लेन्स घ्यायला हरकत नाही, फक्त घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिथून निघा. मुंबई आणि कोकणातल्या लेन्सला ही जास्त होते. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त बंद, बॅग कपाटावर जाते, आणि चार महिने दमट हवेत चामड्याच्या कव्हरात पडलेली ८५ तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या ऑर्डरला बाहेर निघते तेव्हा आत जाळं झालेलं असतं. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद गरम करून परत आत.