लस लेप्टोवर आहे, हिरव्या पाण्यावर नाही

पाऊस ओसरला आणि धरणं भरली की शनिवार-रविवारी कुत्र्यांना मागच्या सीटवर बसवून गाड्या पवना, मुळशीच्या काठाला लागतात. मग दरवर्षी ठरलेला संवाद होतो. कोणीतरी विचारतं, "इथलं पाणी जरा हिरवं दिसतंय, सोडू का याला?" त्यावर दुसरं कोणीतरी अनुभवी आवाजात सांगतं, "लेप्टोची लस झालीय ना? मग बिनधास्त सोडा." विचारलं काय आणि सांगितलं काय! लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार; हिरव्या पाण्याचा आणि त्याच्या लशीचा काडीचाही संबंध नाही, तरी हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की ऐकणारा पट्टा सोडून मोकळा होतो.

लेप्टोबद्दल फार सांगत बसत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत हा शब्द घराघरांत पोचला आणि पुढे राज्यभर पसरला. उंदीर-घुशींच्या, कधी गुराढोरांच्या लघवीतून जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळे, नाक, तोंडाच्या ओल्या भागातून शरीरात शिरतात आणि मूत्रपिंडं, यकृत धरतात. कुत्रा जेवण सोडतो, तापतो, उलट्या करतो, पुढे हिरड्या आणि डोळे पिवळे पडतात. वेळेत अँटिबायोटिक सुरू झालं तर बरेचसे कुत्रे वाचतात. लस दरवर्षी द्यायची. ती जंतूच्या ठरावीक प्रकारांवरच असते, तेव्हा आपल्या कुत्र्याला दोन प्रकारांची दिली की चार प्रकारांची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला, कारण हा आजार आपल्यालाही होतो. लेप्टोपुरतं एवढं पुरे.

आता हिरवं पाणी. सगळं हिरवं पाणी वाईट नसतं. घाटाच्या पायरीवरून पाय घसरवणारं बुळबुळीत शेवाळ, विहिरीत तरंगणारे लांब हिरवे धागे, जलपर्णी, अझोला यांतलं काहीच विषारी नाही. (जलपर्णीच्या जाळ्यात पाय अडकून कुत्रा बुडू शकतो, पण तो धोका वेगळा.) घाबरायचं ते नील-हरित शैवालाला, म्हणजे सायनोबॅक्टेरियाला. ऊन तापलेलं, वारा पडलेला, पाणी साचलेलं आणि त्यात खताचं किंवा सांडपाण्याचं नत्र-स्फुरद मिसळलेलं असलं की हे जीव अफाट वाढतात. रंकाळ्याच्या हिरव्या पाण्याचा वास कोल्हापूरकरांना कोणी समजावून सांगायला नको. त्यांच्यातल्या काही जाती विष बनवतात, काही बनवत नाहीत. लोणारच्या खाऱ्या सरोवरात वाढणारी आणि गोळ्यांच्या डब्यांतून विकली जाणारी स्पिरुलिना याच कुळातली. पण काठावर उभं राहून डोळ्यांनी ओळखता येत नाही की समोरचा थर विषारी आहे की नाही. जो म्हणतो "मला बघून कळतं", त्याचं ऐकू नका.

खरा घोटाळा इथे सुरू होतो. सायनोबॅक्टेरिया म्हणजे शेवटी जिवाणूच, हे कळलं की लोकांचं डोकं थेट लेप्टोच्या वाटेने चालायला लागतं. जिवाणू आहे तर लस असेल, अँटिबायोटिक चालेल, पाणी उकळलं की मरेल, दोन-चार दिवस लक्ष ठेवू, ताप आला तर बघू. यातलं एकही वाक्य इथे लागू पडत नाही. लेप्टोचा जंतू कुत्र्याच्या शरीरात शिरून तिथे वाढतो आणि त्या वाढण्याला वेळ लागतो. बहुधा चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत. तेवढ्या वेळात शरीराचं संरक्षण जागं होऊ शकतं, लस कामाला येते, औषध कामाला येतं. नील-हरित शैवाल कुत्र्याच्या पोटात जाऊन वाढत नाही, त्याला वाढायची गरजही नाही. विष त्याच्या पेशीत पाण्यातच तयार झालेलं असतं. कुत्रा ते गिळतो, पोटात पेशी फुटतात, विष मोकळं होतं. हा संसर्ग नाही, विषबाधा आहे. शेतात फवारणीचं औषध चाटलेल्या कुत्र्याला आपण अँटिबायोटिक देऊन आठवडाभर वाट बघतो का?

किती वेळ हाताशी आहे ते कोणतं विष पोटात गेलं यावर ठरतं. ॲनाटॉक्सिन मज्जातंतूंवर जातं. लाळ गळायला लागते, पाय लटपटतात, झटके येतात, श्वासाचे स्नायू थांबतात, आणि हे सगळं काही मिनिटांपासून काही तासांत होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन इथे एका घरातले तीन कुत्रे संध्याकाळी तळ्यात खेळले आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तिन्ही गेले. दुसरं विष मायक्रोसिस्टिन, ते यकृतावर जातं. त्यात काही तासांत उलट्या-जुलाब, हिरड्या पांढऱ्याफटक, मग कावीळ, अंतर्गत रक्तस्राव, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत खेळ खलास. कावीळ दोन्हीकडे दिसते म्हणून लेप्टो समजून बसायला इथे पुन्हा जागा आहे. फरक तारखेत शोधायचा. काल पोहला आणि आज पिवळा पडला, तर कालच्या पाण्यातला लेप्टो इतक्या घाईने येत नाही.

ही माहिती नवीन आहे असंही नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरव्या ऑइलपेंटसारखा जाड थर आल्याचं आणि ते पाणी प्यायलेली जनावरं पटापट मेल्याचं रसायनतज्ज्ञ जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ सालीच लिहून ठेवलंय. मेंढ्या, घोडे, डुकरं आणि कुत्रे. कुत्रे चार-पाच तासांत गेले, असं त्यात नोंदवलेलं आहे.

या विषावर उतारा नाही. डॉक्टर सलाइन लावतील, झटके थांबवतील, ऑक्सिजन देतील, यकृताला आधार देतील. अमेरिकेत मोंटानामधल्या एका कुत्र्याला कोलेस्टायरामिन नावाचं कोलेस्टेरॉलचं औषध देऊन वाचवल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, पण तो एका कुत्र्याचा अनुभव. तेव्हा घरच्या कपाटातली डॉक्सीसायक्लिन, म्हणजे लेप्टोवर देतात ते अँटिबायोटिक, काढून गूळ-पोळीत लपवून द्यायचा उद्योग थांबवा. पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसांना महापालिका ती गोळी देते म्हणून आपल्या लॅब्रॅडॉरलाही द्यायची, हा तर्क लेप्टोच्या बाबतीतही डॉक्टरांवर सोपवावा असा आहे. हिरव्या पाण्याच्या बाबतीत त्याला अर्थच नाही.

पाणी उकळून कुत्र्याला पाजायचा शहाणपणाही तसाच. उकळल्याने लेप्टोचा जंतू मरतो. मायक्रोसिस्टिन मात्र उकळत्या पाण्यात टिकतं, उलट पेशी फुटून जास्तच मोकळं होतं. हीच गोष्ट शेततळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणाऱ्यांची. पाण्यावर हिरवा थर आला, मोरचूद मारलं, दोन दिवसांत पाणी नितळ झालं, मग "आता कुत्र्याला सोडायला हरकत नाही". हरकत आहे, आणि आधीपेक्षा मोठी आहे. ज्या पेशींत विष कोंडलेलं होतं त्या फुटल्या आणि ते पाण्यात विरघळलं. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ साली पिण्याच्या धरणात असंच मोरचूद टाकलं आणि त्यानंतर १४८ माणसं आजारी पडून रुग्णालयात गेली, त्यांत बहुतेक मुलं होती. थर दिसेनासा झाला म्हणजे पाणी निवळलं असं नसतं. शेततळ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पोहता येणारा कुत्रासुद्धा बुडतो, कारण त्या उतारावरून नख्यांना पकड मिळत नाही. माझ्या मते शेततळ्यात कुत्रा सोडायचाच नाही, पाणी कसंही असो.

काठावर काय बघायचं? वारा कुठून कुठे वाहतोय ते आधी बघा. हा थर हलका असतो, पेशींत वायूच्या बारीक पिशव्या असतात म्हणून तो वर येतो आणि वाऱ्याबरोबर एका काठाला साचतो. मधलं पाणी आरसपानी आणि कडेला हाताच्या रुंदीचा हिरवा पट्टा, असं बऱ्याचदा दिसतं. माणूस म्हणतो, एवढंसं तर आहे. पण कुत्रा पाण्यात शिरतो तोच मुळी त्या पट्ट्यातून, पहिले चार घोट घेतो तेही तिथेच, आणि बाहेर पडताना केसांत तोच थर भरून आणतो. मग अंग झाडतो, बाजूला बसतो आणि पुढचे पाय चाटून चाटून स्वच्छ करतो. त्या चाटण्यात पोटात किती गेलं, याचा हिशेब कोणी करत नाही.

लांब काठी घ्या आणि त्या थरातून फिरवा. काठीवर हिरवे धागे लोंबत आले तर ते बहुधा साधं शेवाळ. काठी नुसतीच रंगात बुडवल्यासारखी आली, धागा एकही नाही, तर परत फिरा. शंका उरलीच तर काचेची बाटली हातमोजे घालून त्या पाण्याने पाऊणभर भरा आणि न हलवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. हिरवं सगळं तळाशी बसलं तर त्यातल्या त्यात बरं, वर तरंगून कडं धरलं तर संशय पक्का. अर्थात ही परीक्षा पुढच्या रविवारसाठी. आज कुत्रा ओढ घेतोय म्हणून उद्याच्या निकालावर आज सोडायचं नाही.

"वाहतं पाणी चालतं" हेही अर्धवटच खरं. लेप्टोच्या बाबतीत पहिल्या पावसाचा ओढा तर सगळ्यात वाईट, कारण वरच्या सगळ्या उकिरड्यांवरून तो धुऊन येतो. आणि हिरव्या पाण्याच्या बाबतीत न्यूझीलंडमध्ये नितळ वाहत्या नद्यांत कुत्रे मेले आहेत. तिथे पाणी हिरवं नसतंच. दगडांवर काळपट-तपकिरी साय धरते, पाणी उतरलं की ती सुटून काठाला लागते, आणि तिचा कुबट वास कुत्र्यांना भारी आवडतो. वाळलेली सायही विषारी राहते. म्हणून नदीकाठी काळपट चामड्यासारखं काहीतरी हुंगत बसलेल्या कुत्र्याला आधी ओढून घ्या, मग कौतुकाने फोटो काढा.

माझं एक पक्कं मत आहे, कोणाला आवडो न आवडो. पाण्यात टेनिसचा चेंडू टाकायचा नाही. चेंडू उचलायला कुत्रा जबडा पूर्ण उघडतो आणि प्रत्येक फेरीत तोंडभर पाणी गिळतो. द्यायचंच असेल तर चपटं तरंगणारं खेळणं द्या. निघण्याआधी घरचं पाणी पाजा, तहानलेला कुत्रा तळ्यात उतरला की पोहण्याआधी पितो. आणि वाटेल तिथे पट्टा सोडू नका, लांब दोरी ठेवा.

तरी पडलाच हिरव्या पाण्यात, तर आंघोळ घरी जाऊन नाही, तिथेच, गाडीत ठेवलेल्या कॅनच्या पाण्याने, हातमोजे घालून. लेप्टोसाठी घरी जाऊन धुतलं तरी एकवेळ चालेल, इथे परतीच्या तासाभरात तो मागच्या सीटवर स्वतःला चाटून मोकळा होतो. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात अडकवायची शंकूसारखी कॉलर जवळ असेल तर घाला. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाची वेगळी विषबाधा होऊन बसते. हळद-दूधही नको. त्या पाण्याचा फोटो काढा, झाकणाच्या बाटलीत थोडं पाणी घ्या आणि कुत्रा धडधाकट दिसत असला तरी डॉक्टरांना वाटेतूनच फोन करा.

फोनवर पहिलं वाक्य "हिरव्या पाण्यात पोहला आणि पाणी प्यायला" हे असू द्या, आणि किती वाजता तेही. आपल्याकडे लाळ गाळत, थरथरत आलेल्या कुत्र्याला बघून डॉक्टरांच्या मनात आधी शेतातल्या कीटकनाशकाची शंका येते, पिवळा पडलेला बघून गोचीड तापाची किंवा लेप्टोची, आणि त्या शंका चुकीच्या नाहीत, कारण ते रुग्ण त्यांच्याकडे रोज येतात. तळ्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत तर त्यांनी ते कुठून ओळखावं? शेजारच्या रानात फवारणी चालली होती का, हेही आठवून सांगा. कीटकनाशकाच्या काही प्रकारांवर उतारा मिळतो, तेव्हा ती शक्यता आधी तपासलेली बरी.